सगळ्यांच्या बापाला जागा हवी

नाही, मला एक सांगा, मेलेल्या माणसाला किती वेळा उठवायचं? एकदा, ठीक आहे. दोनदा, तेही एक वेळ समजून घेतो. पण तीनदा? अहो, जिवंत भाडेकरूला तीनदा घर बदलायला लावा, तो भांडीकुंडी रस्त्यावर आपटेल, घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल... आणि माझा बाप! जाऊन बावीस वर्षं झाली, ना भांडी आपटता येत, ना तोंड उघडता येत. मग त्याच्या वतीने बोलायचं कोणी? मी. थोरला मुलगा ना मी. म्हणून बोलतोय. तुम्ही बसा, या शेंगा घ्या, घरच्या आहेत, फोडा आणि खा, फक्त मला मध्ये थांबवू नका, कारण थांबलो की अजून काय काय राहिलंय ते आठवतं आणि मग मला एका जागी बसवत नाही.

टेकडीवरची ती दोन दगडी डोकी तुम्ही येताना बघितलीच असतील. न बघून जाता कुठे, आंधळ्यालाही त्यांची सावली लागते. उजवीकडचे हुआंग सम्राट, डावीकडचे यान सम्राट, आमचे मूळपुरुष. पाच हजार वर्षांपूर्वी होऊन गेले म्हणतात, आणि पिवळ्या नदीच्या काठाने जेवढी माणसं आज वाडग्यात तोंड घालून शेवया ओढतात ती सगळी यांचीच लेकरं. मान्य. माझं काहीच म्हणणं नाही. मी स्वतः पाथरवट, अठरा वर्षं त्या टेकडीवर छिन्नी चालवली. यान सम्राटांची डावी भुवई आहे ना, ती माझी. हुआंग सम्राटांच्या नाकपुडीत बसून आम्ही सहा जण दुपारचं जेवायचो, हिवाळ्यात तिथे वारा लागायचा नाही. ज्याच्या नाकात बसून माणूस इतके हिवाळे जेवला त्याच्याशी तो वैर धरेल का? माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांच्या बापाला जागा हवी, म्हणून माझ्या बापाला उठवा, हा कुठला न्याय?

आता माझा बाप कोण, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा बाप गेंग दाछुआन, नावाडी. या घाटावरून त्या घाटावर, चाळीस वर्षं, माणसं, डुकरं, नवऱ्या मुली, सगळी त्याच्या नावेतून उतरली. आणि प्रत्येक उतारूला तो हाक द्यायचा, "उतरा, पाय सांभाळा!" म्हातारी असो की कोंबडी, हाक सारखीच. मग सरकारने नदीवर पूल बांधला. झालं. पूल झाल्यावर नावेत कोण बसतंय? त्या दिवसापासून बापाने जी पुलाशी कट्टी घेतली ती मरेपर्यंत सोडली नाही. नदीवरचा मोठा पूल राहू द्या, आमच्या गावाबाहेर कालव्यावर एक पूल आहे, पंधरा पावलांचा, त्यावरूनही जायचा नाही. बूट काढायचा, हातात घ्यायचा, पायजमा गुडघ्याच्या वर, आणि कालव्यात उतरून पलीकडे! सत्तराव्या वर्षी! माघ महिन्याच्या थंडीत! आई काठावरून ओरडायची, "म्हाताऱ्या, अरे पूल काय तुला चावतोय?" हा पाण्यातून, "तो नाही चावत, मी त्याला चावेन म्हणून लांब राहतो." असा माणूस. शेवटी शेवटी गुडघे गेले तेव्हा आई त्याचा हात धरून, हाका मारत मारत, पुलावरून न्यायची. तिच्या हाकेशिवाय पहिलं पाऊल टाकायचा नाही.

तर हा माणूस गेला, आम्ही त्याला टेकडीवर पुरला. पाठीशी टेकडी, पुढ्यात नदी, याहून चांगली जागा मेलेल्याला मिळत नाही. आणि त्याच्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडली. आईची. आईने त्याच वर्षी स्वतःची शवपेटीही करून घेतली, चांगल्या सुरूच्या लाकडाची, आणि मागच्या खोलीत ठेवली. दर शरदात मी तिला रोगण लावतो. आता रिकामी पेटी घरात ठेवणं अपशकुनी, म्हणून आई तिच्यात भुईमुगाच्या शेंगा भरते. आईचा सगळा हिशेब सरळ. पेटी तयार, जागा तयार, नवरा शेजारी. राहिलं काय? फक्त मरायचं राहिलं, ते सवडीने करू.

चार वर्षं अशी गेली, आणि आमच्याकडे आले दुआन साहेब. स्मारक समितीचे. गोल चेहरा, काखेत नकाशा, आणि तोंडात कायम तो मोठ्या सभेतला आवाज, तुम्ही त्यांना पाणी द्या, तेही सभेसारखं पितात. म्हणाले, "गेंगदादा! तुमचं भाग्य थोर! साक्षात मूळपुरुष तुमच्या टेकडीवर येणार!" म्हटलं, यावं की, शेवया घालू. म्हणाले, "फक्त तिथल्या चाळीस कबरी तेवढ्या हलवायच्या." म्हटलं, साहेब, तिथे माझा बाप आहे. तर कसे हसले म्हणता, लहान मुलाने काहीतरी गोड बोलावं तसं. "अहो दादा, तो तुमचा एकट्याचा बाप. हे सगळ्यांचे!"

ऐकलंत ना? सगळ्यांच्या बापाला जागा हवी, म्हणून माझ्या बापाला उठवा.

पहिल्यांदा उठवला तेव्हा सगळं रीतसर केलं, खोटं सांगत नाही. आमच्याकडे कबर हलवणं म्हणजे गोणी उचलून इकडून तिकडे टाकणं नव्हे. आधी तीन दिवस रोज जाऊन मेलेल्याला सांगावं लागतं, की बाबा, जागा बदलायची आहे, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, आवरून ठेवा. मग हाडं काढायची, तांबड्या कापडात गुंडाळून लहान पेटीत ठेवायची, वर काळी छत्री, ऊन लागता कामा नये. थोरल्या मुलाने पुढे चालायचं, मागे वळून बघायचं नाही. आणि मुख्य म्हणजे हाक. मेलेल्याला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त मुलाचा आवाज ऐकू येतो. वळण आलं, हाक मारा. ओढा आला, हाक मारा. पूल आला तर मारायलाच हवी, "बाबा, पूल आहे, माझ्या मागे या." नाही मारली तर हाडं पुढे जातात आणि माणूस अलीकडेच राहतो. आमच्या गावचे वेइ मास्तर, हेच सगळं बघतात, मुहूर्त, दिशा, जागा, त्यांनी मला दहा वेळा बजावलं होतं. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. दगड आला, हाका. कुत्रं आडवं आलं, हाका. बाप आला मागोमाग टेकडीच्या उत्तर उतारावर, शहाण्यासारखा. वाटेत पूल नव्हता म्हणून.

आणि पंधरा वर्षं बरी गेली. मी छिन्नी चालवत होतो, मूळपुरुष वर चढत होते. नाक तीनदा बदललं, कारण मूळपुरुषांचं नाक कसं होतं ते कुणी पाहिलेलं नाही आणि प्रत्येक नवीन तज्ज्ञाला ते स्वतःच्या नाकासारखं होतं असं वाटायचं. मधे चार वर्षं कामच बंद, दोन्ही सम्राट ओठांपर्यंत येऊन थांबलेले, वर डोळे नाहीत, कपाळ नाही, नुसत्या दाढ्या. आईला विचारलं तर म्हणायची, "चांगले दिसतात. बोलत नाहीत, बघत नाहीत. घरात असेच पुरुष हवेत."

मग तीन वर्षांपूर्वी पुन्हा दुआन साहेब. पुन्हा नकाशा. आता सम्राटांसमोर मोठं पटांगण करायचं, हजारो लेकरं एकदम वाकून नमस्कार करतील असं. आणि ते पटांगण कुठे? उत्तर उतारावर! चाळीस कबरी उठवा, कालव्यापलीकडे नवीन स्मशान केलंय, तिथे न्या. म्हटलं, साहेब, मुहूर्त बघतो. म्हणाले, "मुहूर्त बघितलाय. परवा दुपारी बारापर्यंत. दुपारनंतर वरून मोठे लोक पाहणीला येतायत, त्यांना उतार मोकळा दिसला पाहिजे."

चाळीस कबरी, एक सकाळ, एक पूल. पंधरा पावलांचा! तुम्ही डोळ्यांपुढे आणा. चाळीस ट्रॅक्टर, प्रत्येकावर कुणाचा तरी बाप, कुणाची आजी, चाळीस काळ्या छत्र्या, चाळीस थोरले मुलगे एकदम हाका मारतायत, "बाबा इकडे", "आजी तिकडे", मेलेल्यांनी तरी कुणाचं ऐकावं? माझा चुलतभाऊ मानतून, त्याचा ट्रॅक्टर. मानतून म्हणजे असा माणूस, की त्याला घाई असो वा नसो, तो कायम घाईत. मी पुढे, मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर बाप. आलो पुलावर. तोंड उघडलं हाक मारायला... आणि समोरून एक रिकामा ट्रॅक्टर पुलावर घुसला! एकच गाडी मावते हो त्या पुलावर. तो म्हणतो तू मागे घे, मानतून म्हणतो तू मागे घे, तो मानतूनच्या आईपर्यंत पोचला, मानतून त्याच्या आजीपर्यंत, आणि माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी दोन्ही हात वर केले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो...

काय ओरडलो?

"मागे जा! मागे जा! मागे फिर म्हणतो ना!"

तो समोरचा गेला मागे. आम्ही पूल ओलांडला. साडेअकराला बाप नवीन जागेत. मी हातपाय धुतले, घरी आलो, शेवयांचं वाडगं पुढ्यात घेतलं, आणि आईने विचारलं, "पुलावर हाक मारलीस ना रे?"

तुम्हाला सांगतो, घास तोंडात तसाच राहिला. मारलीच नव्हती. मारलीच नव्हती एवढंच नाही, पुलावर थोरल्या मुलाचा आवाज त्याला ऐकू आला तो काय म्हणून? मागे जा! आयुष्यभर या माणसाने माझं एक अक्षर ऐकलं नाही. औषध घ्या म्हटलं, नाही. टोपी घाला म्हटलं, नाही. मेल्यावर पहिल्यांदा ऐकलं असणार, आणि तेही आनंदाने, कारण त्याला पुलावरून यायचंच नव्हतं!

मी काय बोललो आईला? म्हटलं, "हो तर. मारली की. तीनदा मारली." साठीला आलेला माणूस आईशी खोटं बोलतो, आणि तोंडात शेवई लोंबतेय.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी म्हणते, "म्हातारा आला होता स्वप्नात. कालव्याच्या अलीकडे उभा होता. हातात बूट." एवढंच. माझ्याकडे बघितलं पण नाही. शेगडीवरून एक गरम पाव उचलला, फडक्यात बांधला आणि निघाली. कुठे? पुलावर. त्र्याऐंशी वर्षांची बाई! पुलाच्या अलीकडच्या टोकाला पाव ठेवला आणि उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, आई, हाडं पलीकडे आहेत, तिकडे जाऊन ठेव की पाव. म्हणाली, "हाडांना भूक लागते का?"

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! कबूल करावं तर खोटं उघडं पडतं, न करावं तर म्हातारी थंडीत उभी. मी गेलो वेइ मास्तरांकडे. सिगारेटचं पाकीट पुढे ठेवलं. त्यांनी एक ओढली, दोन ओढल्या, म्हणाले, "हाडं परत अलीकडे आणायची, आणि हाक मारत नव्याने पुलावरून न्यायची. पण नुसत्या शंकेवरून कबर उकरता येत नाही. मेलेला चिडतो. कारण लागतं, मोठं कारण." म्हटलं, याहून मोठं कारण काय हवं? माझा बाप पुलापाशी उपाशी उभा आहे! म्हणाले, "उपाशी कुठे? पाव जातोय ना रोज."

दोन हिवाळे. दोन हिवाळे आई त्या पुलावर गेली. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला, डॉक्टर म्हणाले घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिने काय केलं असेल? डॉक्टरांना म्हणाली, "माझी पेटी तयार आहे, जागा तयार आहे, पण नवराच तिथे नाही. रिकाम्या बिछान्याशेजारी जाऊन कशी झोपू? मला बरं करू नका आणि मारूही नका, असंच ठेवा." आणि डोळ्यांना पाणी. माझी आई रडत नाही हो. बाप गेला तेव्हा रडली नव्हती.

त्या दिवशी पाव घेऊन मी गेलो. वारा असा, की कान गळून पडतील. पाव ठेवला, इकडे तिकडे बघितलं, कुणी नाही. आणि म्हटलं, बाबा, चुकलो. मी तुम्हाला नव्हतो म्हणालो, त्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो. आयुष्यभर तुम्ही कोंबडीलासुद्धा पाय सांभाळ म्हणालात, आणि माझ्याच्याने तुम्हाला एक हाक मारवली नाही. घरी आलो आणि आईच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टर, मागे जा, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू तीनदा म्हणालास ना? खरं मारली असतीस तर एकदाच म्हणाला असतास." आणि मग, "आता काय करणार आहेस ते सांग."

काय करणार? माझ्या हातात काय होतं? कबर उकरायला मोठं कारण हवं, मोठं कारण आणायचं कुठून? आणि गेल्या शरदात, तुम्हाला सांगतो, कारण स्वतःच्या पायांनी चालत आलं. काखेत नकाशा, गोल चेहरा.

"गेंगदादा," दुआन साहेब म्हणाले, आणि या खेपेला त्यांचाही आवाज जरा खाली आला होता, "कसं सांगू... कालव्यापलीकडच्या जागेवर गाड्यांचा तळ करायचा ठरलंय. मूळपुरुषांना भेटायला लेकरं येणार, ती गाडीतूनच येणार. तर त्या चाळीस कबरी पुन्हा अलीकडे, टेकडीच्या मागच्या बाजूला..."

पुन्हा अलीकडे! म्हणजे हाडं अलीकडे! माणूस आधीच अलीकडे! मी म्हटलं, कुठे सही करू? ते म्हणाले, "नाही, तुम्ही विचार करा, घरच्यांशी बोला." म्हटलं, पेन द्या! त्यांनी घाबरून दिलं. गावात माझी पहिली सही. बाकीचे एकोणचाळीस जण महिनाभर भांडत होते, मला रस्त्यात फितूर म्हणत होते. समितीने माझ्या छातीला कागदाचं लाल फूल लावलं आणि भिंतीवर माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, आदर्श वंशज. बापाला तिसऱ्यांदा उठवल्याबद्दल!

पण खरा घोळ पुढेच. हाडं पलीकडून येणार, माणूस अलीकडे उभा. मग पुलावर हाक मारायची की नाही? मारली तर तो हाकेसरशी पलीकडे निघायचा, आणि मग हाडं इकडे, तो तिकडे, पुन्हा तेच! न मारावी तर हाडं बिनहाकेची येणार. वेइ मास्तरांनी पूर्ण पाकीट संपवलं. मानतून म्हणाला, "मी पुलावरून ट्रॅक्टर सुसाट काढतो, कुणाला काही कळायच्या आत." दोन दिवस हा खल. शेवटी आई म्हणाली, "तुम्ही सगळे तोंडं मिटा. मी उभी राहते."

आणि उभी राहिली. पुलाच्या अलीकडच्या टोकाला, तिच्या त्या पावाच्या जागेवर, अंगात जाड कापसाचं जाकीट, हातात काठी. ट्रॅक्टर आला, छत्री आली, मी पुढे, तोंड शिवल्यासारखं बंद. पूल ओलांडून पहिलं चाक जमिनीला लागलं, तशी आईने हात वर केला. मानतूनने, त्या घाईच्या पुतळ्याने, ट्रॅक्टर थांबवला, इंजिनसुद्धा बंद केलं. आई जवळ गेली. त्या लहान पेटीवर हात ठेवला. मग शेजारी बघितलं, जिथे काही नव्हतं तिथे, आणि म्हणाली, "बूट घाल आता. आलं तुझं सामान. पाय सांभाळ, म्हाताऱ्या."

एवढंच. त्या रात्रीपासून बाप स्वप्नात आला नाही. पुलावर पाव बंद.

मग या वसंतात, तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, मूळपुरुषांचं उद्घाटन. ढोल, झेंडे, आणि आदर्श वंशज म्हणून मी पहिल्या रांगेत, शेजारी आई. पडदा बाजूला झाला. सगळे वाकले. आई वर बघत राहिली, बघत राहिली, आणि मोठ्याने म्हणाली, "डाव्या माणसाची एक भुवई वाकडी आहे." अहो, अठरा वर्षांची मेहनत!

आणि छिंगमिंग, कबरी झाडायचा दिवस. आम्ही टेकडीमागे गेलो. तिथून सम्राटांच्या फक्त पाठी दिसतात, आई म्हणते बरं आहे, आपल्याकडे लक्ष नाही त्यांचं. गवत काढलं, कागदी नोटा जाळल्या, दारू शिंपडली. आणि आई बापाच्या डाव्या हाताला, गवतावर, चक्क आडवी झाली. हात पाय सरळ करून मापच घेतलं. उठली, जाकीट झटकलं, समाधानाने म्हणाली, "पुरेल." आणि घरी आल्यावर मला म्हणते, "लायशुन, पेटीतल्या शेंगा काढ."

शेंगा काढ! तुम्हाला समजतंय ना? बावीस वर्षं त्या पेटीत शेंगा, आणि आता काढ म्हणते. मी काढल्या. पोतं भरलं. आणि त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. ती दुपारी जरा डोळा लावायची की मी दाराशी, जाकीट वरखाली होतंय ना बघत. खोकली तर धावत जायचो, न खोकली तर त्याहून जोरात. पाणी हवंय का? नको. शेवया? नको. ती म्हणायची, "जा ना रे, छिन्नी घे, कुठलीतरी भुवई सरळ कर." कशी जाणार? बापाची सोय लावता लावता मी आईची वाट मोकळी करून दिली होती हो!

आणि गेल्या आठवड्यात, दारात कोण? काखेत नकाशा!

मी विचारलंच नाही कशाला आलात. दुआन साहेब उंबऱ्यावरच, घाम पुसत, "गेंगदादा, वरून सूचना आलीये... लोक विचारतायत, दोन्ही सम्राट आहेत, पण सम्राज्ञी? जिने आपल्याला रेशीम शिकवलं, ती लेइझू माता? तिला कुठेच जागा नाही? तर तिची मूर्ती, हुआंग सम्राटांच्या शेजारी, जरा मागच्या बाजूला... आणि त्या कबरी पुन्हा कालव्यापलीकडे, जरा लांब..."

माझं डोकं असं सणकलं! म्हटलं, आता या माणसाला नकाशासकट कालव्यात घालतो. सगळ्यांच्या बापाला जागा हवी, म्हणून माझ्या बापाला उठवा, आणि आता सगळ्यांच्या आईलाही? चौथ्यांदा? विंचवाने तरी इतक्या वेळा बिऱ्हाड हलवलं असेल का? मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून काठीचा आवाज. आई. दारात येऊन उभी राहिली, नकाशाकडे बघितलं, कळलं काही नसेल, पण बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, "बरोबर आहे. बाईला नवऱ्याशेजारी जागा हवीच. एवढी वर्षं तिला एकटीला कुठे ठेवली होती?"

दुआन साहेबांना रडू येईल की काय असं वाटलं. मी म्हटलं, आई, अगं, पुन्हा पूल आहे!

"म्हणूनच," ती म्हणाली. "मी आधी गेले असते तर दोघांना न्यायची वेळ तुझ्यावर आली असती. एकाला न्यायचं तर तू मागे पाठवलास, दोघांचं काय केलं असतंस? नाही रे बाबा. मी जिवंतच येते, हाक मीच मारते. तो झाला पलीकडे, नीट बसला, मग बघू माझं." आणि आत जाता जाता, पाठमोरीच, "त्या शेंगा परत भर पेटीत. इतक्यात काही मला लागत नाही ती."

मी सही केली. हो, पहिली. पुन्हा कागदाचं लाल फूल, पुन्हा भिंतीवर फोटो, गावात पुन्हा फितूर. म्हणू देत. आणि दुआन साहेब सांगत होते, मूर्तीचं काम कधी सुरू होईल नक्की नाही, अजून लेइझू मातेच्या नाकावर तज्ज्ञांचं एकमत व्हायचंय. म्हटलं, होऊ दे सावकाश. माझ्या ओळखीत अजून दोन-तीन नाकं आहेत, पाठवून देतो.

तर असं चाललंय. रोज सकाळी टेकडीमागे जातो, बाबा, आवरून ठेवा, पुन्हा पूल आहे, हाक मारायला आई आहे, असं सांगून येतो. ते काय, ऐकतात बिचारे. तुम्ही खा ना, थांबलात का? हो, त्या पेटीतल्याच शेंगा आहेत या. खा हो, खुशाल खा... फक्त सगळ्या संपवू नका. ती पेटी रिकामी झालेली मला बघवत नाही.